रूथआक्काचे चाळीस दिवस

आमच्या समोरची रूथआक्का दरवर्षी चाळीस दिवस काहीतरी सोडते, आणि त्याचा त्रास सगळ्या गल्लीला होतो.

ख्रिस्ती लोकांचे हे उपासाचे दिवस. लेंट म्हणतात त्याला. राखेच्या बुधवारी पाळकसाहेब कपाळावर राखेचा क्रूस काढतात, तिथून ईस्टरच्या पहाटेपर्यंत माणसानं मन आवरून राहायचं. कुणी मटण सोडतं, कुणी गोड, कुणी मोबाईलवरच्या मालिका. सोडणारा सोडतो, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. आक्काला हे सगळं सपक वाटतं. "मटान काय, दात पडलं की आपोआप सुटतंय," ती म्हणते. "सोडायचं तर असं सोडावं, की आपलं आपल्याला टोचलं पाहिजे."

एका वर्षी तिनं खोटं बोलणं सोडलं. तशी ती खोटारडी कधीच नव्हती; पण चांगली माणसंही दिवसाकाठी किती बारीकसारीक खोटं बोलतात, हे निपाणीतल्या आमच्या गल्लीला त्या वर्षी कळलं. कोपऱ्यावरच्या वहिनी नव्या सुनेला पाया पडायला घेऊन आल्या आणि कौतुकानं म्हणाल्या, "कशी हाय आमची सून?" आक्का म्हणाली, "पोरगी गुणाची हाय. तुझ्यापाशी किती दिस टिकंल, सांगता येत न्हाय." नगरसेवकानं भाषण उरकल्यावर सहज विचारलं, "बरं झालं न्हवं, आक्का?" "मला झोप लागलीती," आक्का म्हणाली. चाळीस दिवस लोक तिला काहीही विचारायच्या आधी दोनदा विचार करायचे.

पुढच्या वर्षी तिनं पहिला नंबर सोडला. म्हणजे कुठल्याही रांगेत आपण शेवटी. मागून कुणी आलं की त्याला पुढं करायचं आणि आपण पुन्हा शेपटाला जाऊन उभं राहायचं. रेशनच्या दुकानात ती सकाळी नऊला जायची, आणि दुपारी एकला दुकानदार दार ओढून घ्यायचा तेव्हाही तिच्यामागं कुणी नसायचं. असं पाच दिवस झालं. सहाव्या दिवशी दुकानदार स्वतः तांदळाची पिशवी घेऊन तिच्या दारात हजर. "आक्का, हात जोडतो. तुमी रांगंत उभ्या राहू नका. लोकं माझ्याकडं बघायलीत."

त्यानंतरच्या वर्षी दाराची कडी सोडली. चाळीस दिवस दार सताड उघडं, कुणीही यावं. माणसं आली, शेळी आली, आणि एक दिवस लग्नाच्या पत्रिका वाटत फिरणारं सदलग्याचं अख्खं कुटुंब पत्ता चुकून आत शिरलं आणि जेवूनच गेलं. "कुणाकडं आलाय हे मी विचारलं न्हाय, त्यांनी सांगितलं न्हाय. आयतु!" आक्का म्हणाली.

'आयतु' हा तिचा कानडी शब्द. झालं, मिटलं, पुढं चला. छत्तीस वर्षं ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, आणि प्रत्येक बाळंतपण उरकलं की ती तेवढंच म्हणायची. आता भाजी निवडून झाली तरी म्हणते. बुटकी, काटक, कडक इस्त्रीची पांढरी साडी, आणि चालणं असं की पुढं कुणीतरी कळा देतंय. लग्न केलं नाही. सख्खी म्हणावी अशी एक बहीण होती बेळगावला, तीही गेली. पण अर्धी निपाणी तिच्या हातावर जन्मली असल्यामुळं तिच्याकडं एक वाक्य आहे. हवालदार असो, बँकेचा मॅनेजर असो, आमचे हेडमास्तर असोत, कुणी फार ताणून धरलं की आक्का मान वर करून म्हणते, "तुझं डोकं ह्या जगात पहिल्यांदा मी बघितलंय." ह्याच्यावर कुणाला काही बोलता येत नाही.

माझंही डोकं तिनंच बघितलंय. मी आता पंचेचाळीसचा आहे, हायस्कूलात गणित शिकवतो. नाव महावीर. पोरं मला घाबरतात. आक्का मला भर बाजारात "म्हाविऱ्या!" म्हणून हाक मारते, तेव्हा पोरांच्या तोंडाकडं बघवत नाही.

खरं सांगायचं तर तिच्या ह्या लेंटकडं मी बरीच वर्षं गंमत म्हणूनच बघत होतो. आम्ही जैन. उपासाचं आम्हाला नवल नाही. माझी आई दशलक्षण पर्वात दहा दहा दिवस जेवणाला शिवत नसे. आई आणि आक्का आमच्या कट्ट्यावर बसून उपासाच्या गोष्टी बोलायच्या, त्या दोन पैलवानांनी आपापल्या तालमीबद्दल बोलावं तशा. "तिसऱ्या दिवशी जड जातंय बघ." "व्हय, चौथ्यापासनं हलकं वाटतंय." मी पेपर तपासत ऐकायचो आणि मनात हसायचो.

मग दोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन आठ दिवस झाले असतील, माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला.

वडिलांना आम्ही घरात आण्णा म्हणतो, गावही आण्णाच म्हणतं. तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं, पण तोंडात ना तंबाखू ना शिवी. हमालालासुद्धा 'अहो' म्हणणारा माणूस. दशलक्षण संपलं की क्षमेच्या दिवशी ते हात जोडून दारोदार जायचे, वर्षभरात चुकून कुणाला दुखावलं असेल तर माफी मागायला. लोक म्हणायचे, "आण्णा, तुम्ही कधी काय बोललाईसा की माफी मागताय?"

झटक्यानं त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बेळगावच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, समजतंय त्यांना सगळं, पण शब्द सापडत नाहीत. काही पेशंटच्या तोंडात एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि तो कुठला राहावा हे कुणाच्या हातात नसतं.

आण्णांच्या तोंडात जो शब्द राहिला, तो होता 'मुडद्या'.

जन्मात त्यांनी तो कधी उच्चारला नव्हता. वखारीत दिवसातनं शंभर वेळा कानावर पडत असणार, तो आत कुठंतरी जाऊन बसलेला असणार. पाणी पाहिजे असलं की मुडद्या. नको असलं की मुडद्या. डॉक्टर तपासायला वाकले, "मुडद्या!" जावईबापू हुबळीहून सफरचंदं घेऊन आले, "मुडद्या!" आई पदर तोंडाला लावून आत निघून जायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपण काय बोललो हे आण्णांना ऐकू यायचं. ते डोळे मिटून घ्यायचे.

त्यांचं सगळं करायला एक माणूस ठेवला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मास्तर, मी गरीब असलो तरी मलाबी आबरू हाय," आणि गेला. मग राहिलो मी. आईच्यानं आण्णांना हलवणं होत नव्हतं. आणि मी... हे लिहायला आज सोपं नाही. मी चादर धरून उभा राहायचो. वडिलांचं अंग पुसायचं, त्यांना कुशीवर वळवायचं, खालचं स्वच्छ करायचं, म्हटलं तर काय आहे त्यात? पण माझा हात पुढं जायचा नाही. किळस नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो. लाज होती, भीती होती, आणि किळसही होती. कसंबसं, नाक फिरवून, घाईघाईत उरकायचो. आण्णा भिंतीकडं तोंड करून पडायचे. पंधरा दिवसांत त्यांच्या पाठीला जखम पडली.

अशात राखेचा बुधवार आला. सकाळी आठला आक्का दारात उभी. कपाळावर राखेचा क्रूस, हातात पिशवी.

"म्हाविऱ्या, ह्या वर्षी मी उलट बोलणं सोडलंय."

मी काळजीत असूनही हसलो. आक्काचं उलट बोलणं सुटणं म्हणजे गल्लीला सणच. "बरं झालं की."

"बरं काय झालं? उलट बोलणं सोडायचं तर आधी कुणीतरी आपल्याला बोलाय पाहिजे. आणि सध्या गल्लीत तुझ्या बाएवढं कोण बोलत न्हाय." ती मला बाजूला सारून आत आली. "चाळीस दिस मी त्यांना आंघोळ घालणार. पाणी तापव. लई कडक नको."

आई मध्ये आली. "आक्का, तुझं वय काय, त्यांचं वजन काय! आणि तुझ्याकडनं असलं काम करून घ्यायचं म्हंजे..."

आक्कानं तोंड उघडलं. तिच्या जिभेवर आलेलं वाक्य मला डोळ्यांनी दिसलं. मग तिनं ओठ दाबले, नाकानं एक मोठा श्वास घेतला, आणि नुसती पिशवी खाली ठेवली. उपास सुरू झाला होता.

आक्का आण्णांच्या पलंगाशी गेली. "आण्णा, मी रूथ."

"मुडद्या," आण्णा म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले.

आक्कानं पाण्यात हात घालून बघितला, पंचा पिळला, आणि त्यांचं तोंड पुसायला लागली. कपाळ, पापण्या, कानामागं. सावकाश. मग मान, मग छाती. जो भाग पुसत नसेल तो सगळा झाकलेला. आण्णांना कुशीवर वळवताना तिनं ताकद लावलीच नाही, नुसता गुडघा वाकवला, खांद्याला हात लावला आणि एवढा मोठा माणूस पान उलटावं तसा वळला. पाठीची जखम बघितल्यावर तिचा हात क्षणभर थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं. पण तिनं बोलणं सोडलं होतं.

त्या दिवसापासून ती रोज यायची. आठला म्हणजे आठला. आठवड्याभरात तिनं मुडद्याचे अर्थ लावले. "बारीक मुडद्या म्हंजे पाणी. लांब ओढला तर कूस बदलायची. दोनदा पटपट म्हणालं तर लघवीला. आणि मान हलवून म्हणालं तर ती खरी शिवी, ती माझ्यासाठी." आम्ही तिच्या सांगण्याप्रमाणं वागायला लागलो आणि आण्णांचं डोळे मिटून घेणं कमी झालं. आपण बोलतो ते कुणालातरी कळतंय, एवढं त्यांना पुरं होतं.

पण ह्या लेंटला एक फट होती, ती पहिल्या रविवारी कळली. रविवार चाळीस दिवसांत धरत नाहीत. तो प्रभूच्या उठण्याचा दिवस, त्या दिवशी उपास मोकळा. आक्का चर्चमधून तडक आमच्याकडं आली, खुर्ची ओढून बसली आणि आईपासून सुरू झाली.

"शारदे, बुधवारी तू माझं वय काढलंस. तुझ्यापेक्षा मी दोन वर्षांनी मोठी हाय आणि दोन जिने जास्त चढते. आण्णा, शुक्रवारी अकरा वेळा मुडद्या म्हणालासा, त्यातल्या चार माझ्या न्हवत्या, त्या तुमच्या पोराच्या हायत्या, त्याला देते. म्हाविऱ्या! बाच्या पाठीला जखम पडते आणि तू शाळंत दुसऱ्यांच्या पोरांस्नी त्रिकोण शिकवतोस?"

अर्धा तास. चार दिवसांचं सगळं एकदम. मग "आयतु!" म्हणून ती उठली आणि सोमवारी पुन्हा ओठ दाबून हजर. आण्णा त्या अर्ध्या तासात टक लावून तिच्याकडं बघत होते. त्यांच्या डाव्या गालावर काहीतरी हललं. झटक्यानंतर पहिल्यांदा ते हसले होते.

तिसऱ्या आठवड्यात आक्कानं आईला विचारलं, "आण्णा रोज सकाळी काय म्हणायचं गं?"

"णमोकार मंत्र. अंघोळ झाली की. साठ-सत्तर वर्षं चुकवला न्हाय."

"मला शिकव."

"तुला?"

"दवाखान्यात एक म्हातारी हुती. असाच झटका. एक शब्द बोलता येईना, पण पाळणा अख्खा म्हणायची, सुरात. बोलणं एका खोलीत असतंय आणि पाठ केलेलं दुसऱ्या खोलीत, असं दिसतंय. एका खोलीचं दार अडकलं असंल, तर दुसरं ढकलून बघू."

आईनं वाटाणे सोलता सोलता तिला मंत्र शिकवला. आक्कानं तो चर्चच्या जुन्या पत्रकाच्या पाठीमागं लिहून घेतला. दुसऱ्या दिवसापासून आण्णांचं अंग पुसून झालं की ती त्यांच्या डाव्या हाताशी स्टूल घेऊन बसायची, चष्मा लावायची आणि म्हणायची. आणि पहिलाच शब्द चुकवायची. 'णमो' म्हणायचा तिथं 'नमो'.

आण्णा शुद्ध उच्चाराच्या बाबतीत कडक. लहानपणी 'ण'साठी मी त्यांच्याकडून कान पिळून घेतलेत. ते अस्वस्थ व्हायचे. "मुडद्या!" आक्का शांतपणे पुन्हा, "नमो." "मुडद्या!" "नमो." रोज वीस वेळा, तीस वेळा. आई आतून म्हणायची, "आक्का, 'ण' गं, 'ण'!" आक्का म्हणायची, "म्हातारपणी जीभ वळत न्हाय."

मी तेव्हा दारात उभा होतो. मंत्र सुरू होऊन नववा दिवस. उन्हं अंगणात आली होती, बाहेर तंबाखूच्या ठसक्यानं कुणीतरी सलग शिंकत होतं. आक्का म्हणाली, "नमो."

आण्णांचं तोंड लाल झालं. डावा हात त्यांनी पलंगावर आपटला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, जीभ आत कुठंतरी धडपडत होती. मला वाटलं, दुसरा झटका येतोय. मी पुढं धावलो, तर आक्कानं माझ्याकडं न बघता हात वर करून मला थांबवलं.

"ण..." आण्णा म्हणाले. "ण... णमो!"

आण्णा स्वतःच दचकून आक्काकडं बघत होते. मग त्यांनी पुन्हा म्हटलं, हळू, आपल्याच तोंडावर विश्वास नसल्यासारखं. "णमो." आणि त्याच्यामागून पुढचा शब्द आला, अर्धा, त्याच्यामागून आणखी अर्धा. दोरा हाताला लागावा आणि ओढत जावं तसा तो मंत्र बाहेर येत होता. आक्का त्यांच्याबरोबर म्हणत होती. आणि तिचा 'ण' अगदी स्वच्छ येत होता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जी बाई दिवसातनं पन्नास वेळा 'आण्णा' म्हणते, तिला 'ण' येत नाही?

मी तिला तसं म्हणालो. ती पंचा पिळत म्हणाली, "माणूस रागानं लवकर जागं हुतंय, म्हाविऱ्या. बाळबी आधी चिडून रडतंय, मगच श्वास घेतंय."

गल्लीत ही गोष्ट पसरली तशी तिच्या चर्चमध्येही गेली. तिथल्या कुणाला तरी ती खटकली. लेंटच्या दिवसांत आपली जुनी सभासद दुसऱ्यांचा मंत्र म्हणत बसते, हे काय? नवे पाळकसाहेब तरुण, भला माणूस. ते एका गुरुवारी सकाळी आमच्याच घरी आले, कारण आक्का त्या वेळी दुसरीकडं सापडत नसे.

"आक्का," ते अवघडून म्हणाले, "मंडळीत बोलणं चाललंय. तुम्ही अनुभवी आहात. पण लेंटमध्ये असं करणं बरोबर आहे का?"

दुसरा कुठला वार असता तर पाळकसाहेबांची धडगत नव्हती. पण गुरुवार होता. आक्काच्या गळ्याशी आलेलं सगळं तिनं गिळलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या, रागाचं की दुसरं कसलं, मला कळलं नाही. तिनं पाळकसाहेबांचा हात धरला, आत नेलं, पलंगाशी स्टुलावर बसवलं, आणि स्वतः उभी राहून आण्णांचे पाय पुसायला लागली. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, घोटे. पुसता पुसता ती हळूच म्हणाली, "णमो..."

आण्णांनी पुढचं उचललं. अडखळत, मध्येच एक मुडद्या घालत, पण शेवटपर्यंत. म्हणून झाल्यावर त्यांनी डावा हात उचलला आणि पाळकसाहेबांच्या समोर छातीशी धरला. उजवा हात येत नव्हता, म्हणून एकाच हाताचा नमस्कार.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ ते चष्मा रुमालानं पुसत बसले. निघताना एवढंच म्हणाले, "आक्का, मी विचारायला काय आलो होतो ते विसरलो."

रविवारी मात्र आक्कानं त्यांना चर्चच्या पायरीवर गाठलं. मी नव्हतो, पण गल्लीनं मला शब्दन् शब्द सांगितला. "साहेब, प्रभूनं थुंकी लावून मुक्याची जीभ मोकळी केली. माझ्या थुंकीत तेवढी ताकद न्हाय, म्हणून मी त्या माणसाच्याच देवाची आठवण त्याच्या जिभंला लावली. चुकलं असंल तर मला प्रभू विचारंल. त्याच्यापुढं माझं काय चालणार न्हाय, त्याचं डोकं काय मी पहिल्यांदा बघितलेलं न्हाय." पाळकसाहेब म्हणे एवढं हसले की त्यांना पायरीवर बसावं लागलं.

आणि मग झावळ्यांचा रविवार आला, ईस्टरच्या आधीचा. हातात झावळीचा क्रूस घेऊन आक्का आमच्याकडं आली, खुर्चीत बसली. आम्ही सगळे तयारीत. आईनं तर त्या आठवड्यात मुद्दाम एक-दोन टोमणे मारून ठेवले होते. आक्का गप्प. खाली बघत झावळीचं टोक चाळवत बसलेली.

"आज काय न्हाय?" आईनं विचारलं.

"सकाळपासनं शोधायलेय. काय राह्यलंच न्हाय." तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा होता, लहान मुलीसारखा. "सोडायचं म्हणून पहिलं दोन आठवडे नुस्तं तोंड मिटलं. आतनं शिव्या चालूच हुत्या. आता आत बघितलं तर तिथंबी गप्प. कुणी केलं काय म्हाईत." जरा वेळानं म्हणाली, "भ्या वाटतंय जरा."

मला उपासाच्या गोष्टी लहानपणापासून ठाऊक आहेत. पण एखाद्या माणसाच्या आत खरोखर काहीतरी घडताना मी पहिल्यांदाच समोर बसून बघत होतो.

त्याच आठवड्यातला गुड फ्रायडे. आक्का आदल्या दिवशी म्हणाली, "उद्या मी न्हाय. सकाळपासनं दुपारी तीनपर्यंत चर्चमधी. तुझं तू बघ."

"मी?"

"चाळीस दिस चादर धरून बघतोस की. येतंय तुला."

शुक्रवारी सकाळी आठला मी पाणी तापवलं. पंचा पिळला. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि भिंतीकडं तोंड फिरवायला लागले. मी त्यांच्या गालाला हात लावून तोंड माझ्याकडं वळवलं आणि कपाळ पुसलं. पापण्या पुसल्या. कानामागं पुसलं. मग कुठलाच भाग अवघड राहिला नाही. जखम भरत आली होती, तिथं नवी कातडी गुलाबी दिसत होती. कुशीवर वळवताना मी गुडघा वाकवला, खांद्याला हात लावला, आणि माझे वडील माझ्या हातावर अलगद वळले. इतके हलके झाले होते ते. मी त्यांच्या पाठीवर कपाळ टेकवून कितीतरी वेळ तसाच बसलो. त्यांनी डावा हात मागं आणून माझं मनगट धरून ठेवलं.

ईस्टरला आक्का केळीचा फणा घेऊन आली, सगळ्यांना "प्रभू उठला" म्हणाली, आण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि गेली.

सोमवारी आठ वाजले. आक्का आली नाही. थकली असेल, म्हणून मी आण्णांचं सगळं केलं. मंगळवारीही आली नाही. आण्णा मंत्राला तोंड उघडेनात. उशीवर मान वळवून दाराकडं बघत पडले. आईनं दूध दिलं, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मी समोर गेलो. आक्काचं दार लोटलेलं होतं. ढकलून आत गेलो तर ती जेवायच्या टेबलाशी खुर्चीवर ताठ बसलेली. कडक इस्त्रीची साडी, केस विंचरलेले, मांडीवर पिशवी, पिशवीच्या बंदावर दोन्ही हात. समोर भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ.

"कुठं निघालाय, आक्का?"

"कुठं न्हाय."

"बरं नाही का?"

"बरी हाय की."

मग तीच म्हणाली, माझ्याकडं न बघता, "चाळीस दिस झालं. लेंट सुटलं. आता कुठल्या तोंडानं येऊ?"

"म्हणजे?"

"लेंट असलं की कुणाच्याबी दारात जाऊन उभं ऱ्हाता येतंय, म्हाविऱ्या. देवाला कबूल केलंय, म्हणता येतंय. लोकं हसत्यात, पण आत घेत्यात. लेंट सरलं की मी नुस्ती रिटायर बाई. न बोलावता गेलं, तर म्हणत्यात, आली म्हातारी वेळ घालवायला." तिनं पिशवीचा बंद सारखा केला. "कालबी अशीच आवरून बसलीती. परवापासनं सवय मोडंल."

मी ज्या बाईला दवाखान्याची दारं धाडकन उघडत आत शिरताना बघितलं होतं, जिला अर्ध्या गावानं कधी 'या' म्हणून बोलावलं नव्हतं कारण ती आधीच आलेली असायची, ती सकाळपासून कुणीतरी बोलावील म्हणून वाट बघत बसली होती. आणि चाळीस दिवस आमच्या घरात राबून गेलेल्या ह्या बाईला 'उद्या या' म्हणायचं आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

"आण्णा दोन दिवस वाट बघायलेत," मी म्हणालो. "दूधही घेतलं नाही आज."

तिनं मान वर केली. "मी आले तर चालंल?"

मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलली आणि दाराकडं निघालो. माझ्यामागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

गल्ली ओलांडताना ती माझ्यापुढं गेली नाही, मागूनच आली. आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, हात पिठाचे होते.

"भाईरच का उभी ऱ्हायलीस गं?" आई म्हणाली. "ये की. रोज येत जा."

आक्कानं चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट जोडून ठेवल्या, आणि आत गेली.